पुस्तक मिटल्यावर काय उरते?

कॉलेजचे निकाल लागले की गावच्या पारावर एक बोलणे हमखास ऐकू येते. "पोरगं रात्री बारा-बारापर्यंत वाचत होतं हो. लाइट गेली तर मोबाइलच्या उजेडात बसायचं. तरी गणितात राहिलं. आता काय म्हणावं?" ऐकणारे दोघे-तिघे मान हलवतात. एकजण म्हणतो, नशीब. दुसरा म्हणतो, डोकंच नसेल. तिसरा म्हणतो, वाचत कसलं होतं, मोबाइल बघत असेल.

आज आपण चौथे कारण पाहू. पोराने मेहनत केली हे खरे, आणि तो नापास झाला हेही खरे. मेहनत चुकीच्या जागी पडली, तर या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. उताराच्या रानात आडवे बांध न घालता कितीही पाणी सोडले तरी ते वाहूनच जाते. पाणी कमी होते असे कोणी म्हणत नाही.

आपल्या सुप्याचेच उदाहरण घेऊ. सुपे हे बारामती तालुक्यातले जुने गाव. शहाजीराजांच्या जहागिरीतला पुणे-सुपे परगणा म्हणून ते इतिहासात ठाऊक आहे. तालुक्याच्या एका अंगाला नीरा डाव्या कालव्याचे पाणी आणि ऊस. सुपे, मोरगाव, काऱ्हाटी हा पट्टा मात्र जिरायती. पावसाच्या भरवशावर बाजरी-ज्वारी, पाण्याची सोय झाली तर कांदा, आणि दावणीला शेळ्या नाही तर दोन गाई. अशा घरातून मूल शास्त्र शाखेला किंवा इंजिनिअरिंगला जाते, तेव्हा त्याची फी कशातून भरली जाते हे तुम्हाला सांगायला नको.

बारामतीला तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२ साली सुरू झाले. विद्या प्रतिष्ठान ही संस्था १९७२ साली स्थापन झाली. ज्या शिक्षणासाठी आधी पुणे गाठावे लागे, ते एस.टी.च्या टप्प्यात आले. पण कॉलेजात नाव घालणे वेगळे आणि पहिले वर्ष निभावणे वेगळे. एक विषय राहिला की पुढच्या वर्षाच्या डोक्यावर त्याचे ओझे बसते. दोन-चार राहिले की वर्ष जाते. वर्ष गेले की खोलीभाडे आणि खाणावळ पुन्हा पहिल्यापासून. आणि मुलगी नापास झाली तर गोष्ट त्याहून वेगळी. मुलाला दुसरी संधी मिळते, मुलीला स्थळ येते. म्हणून हा विषय एकट्या विद्यार्थ्याचा नाही, तो साऱ्या घराचा आहे.

कॉलेजात नेमके काय बदलते?

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचे गणित घ्या. मुले त्याला 'एम-वन' म्हणतात आणि त्याच्या नावाने घाबरतात. दहावीपर्यंत आपल्या बऱ्याच मुलांचे शिक्षण मराठीत झालेले असते, फार तर गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. कॉलेजात सगळेच इंग्रजीत. शाळेत एक धडा पंधरा दिवस चालायचा, इथे आठवड्यात दोन होतात. शाळेत गुरुजी उठवून विचारायचे, इथे शंभर मुलांत कोणी कोणाला विचारत नाही. आणि सर्वांत मोठा फरक असा, की शाळेत पाठ करून भागत असे. इथे पाठ केलेले उदाहरण परीक्षेत आकडे बदलून, तोंड फिरवून समोर येते.

मग मूल काय करते? त्याला जे ठाऊक आहे तेच अधिक जोराने करते. वही पुन्हा वाचते, ओळींखाली रेघा मारते, सोडवलेले उदाहरण डोळ्यांखालून घालते. हल्ली मोबाइलवर एखाद्या सरांना उदाहरण सोडवताना बघते. बघताना सगळे पटते. मनात येते, 'हे तर येतंय मला.' हीच खरी फसगत आहे.

दुसऱ्याच्या गाडीत बसून दहा वेळा एखाद्या गावाला गेलेला माणूस म्हणतो, रस्ता माझ्या ओळखीचा आहे. एक दिवस त्याच्या हातात कासरा द्या. पहिल्याच फाट्यावर तो थांबेल. ओळखणे आणि आठवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वही उघडी असते तेव्हा आपण फक्त ओळखत असतो. परीक्षेत वही मिटलेली असते.

प्रयोगाने काय दाखवले

ही नुसती माझी समजूत नव्हे. २००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या मुलांवर एक साधा प्रयोग केला. मुलांना वाचायला एक उतारा दिला. एका गटाने तो चार बैठकांत पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने एका बैठकीत वाचला आणि नंतरच्या तीन बैठकांत उतारा न बघता, आठवेल तेवढे कागदावर लिहून काढले.

पाच मिनिटांनी परीक्षा घेतली, तेव्हा वाचणारे पुढे होते. त्यांना शंभरातले ८३ भाग आठवले, लिहिणाऱ्यांना ७१. पण आठवड्याने तीच परीक्षा घेतल्यावर पारडे फिरले. वाचणाऱ्यांकडे ४० उरले, लिहिणाऱ्यांकडे ६१.

यातली गोम ध्यानात घ्या. वाचणाऱ्या मुलाला रात्री झोपताना वाटते की आपला अभ्यास उत्तम झाला, आणि त्या रात्रीपुरते ते खरेही असते. परीक्षा मात्र त्या रात्री नसते. उलट, न बघता लिहिणारा मुलगा अडखळतो, चुकतो, वैतागतो. त्याला वाटते आपल्याला काहीच येत नाही. पण त्याच अडखळण्यातून ते डोक्यात रुजत असते.

आपल्या जुन्या शाळांना ही गोष्ट प्रयोगाशिवाय ठाऊक होती. संध्याकाळी मुले ओळीने बसून पाढे म्हणत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी. हाताशी पुस्तक नसे. त्याला आपण 'उजळणी' म्हणतो. भांडे राखेने घासून उजळावे तसे रोज आठवून आठवून ज्ञान उजळायचे. उजळणी याचा अर्थ पुन्हा वाचणे नव्हे, पुस्तकाविना म्हणणे. कॉलेजात गेल्यावर नेमकी हीच सवय सुटते.

पाठ करणे म्हणजे अंगठा देणे

पण येथे एक सावधगिरी हवी. पाढे पाठ चालतात, कारण पाढा बदलत नाही. कॉलेजचे गणित किंवा भौतिकशास्त्र न समजता पाठ केले तर ते उलटते.

सुप्याला हे वेगळे सांगायला नको. १२ मे १८७५ रोजी, बाजारच्या दिवशी, याच सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते. लोकांचा मुख्य रोख होता तो कर्जखतांवर आणि हिशेबाच्या वह्यांवर. कागद मिळवायचे आणि जाळायचे. कारण ज्या कागदावर अंगठा उठवला, त्यात काय लिहिले आहे हे अंगठा देणाऱ्याला वाचता येत नव्हते. दंगे पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले, सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. शेतकऱ्याचे खत गावच्या निबंधकाच्या देखरेखीखालीच लिहिले जावे अशी तरतूद त्यात केली गेली.

त्या गावची नातवंडे-पणतवंडे आज इंग्रजी पुस्तके वाचतात. पण न समजता पाठ केलेले उत्तर म्हणजे पुन्हा अंगठाच. सूत्र लिहिले, त्याखाली आपले नाव घातले, पण त्यात काय आहे ते ठाऊक नाही. परीक्षेत आकडा बदलला की खत उलटते.

मग समजले की नाही हे ओळखायचे कसे? त्याची एक सोपी कसोटी आहे. ती गोष्ट आपल्या बोलीत, आईला समजेल अशी सांगता आली पाहिजे.

एम-वनमधला 'डेरिव्हेटिव्ह' घ्या. शब्द ऐकून धडकी भरते. पण विहिरीवर मोटार चालू असताना तुम्ही काय बघता? विहिरीत पाणी किती पुरुष आहे ही एक गोष्ट. ते तासाला किती हात उतरते ही दुसरी. आणि तळाकडे उतरण्याचा वेग वाढतो आहे की कमी होतो आहे ही तिसरी. पहिली गोष्ट म्हणजे राशी. दुसरी म्हणजे तिचा डेरिव्हेटिव्ह, अर्थात बदलण्याचा वेग. तिसरी म्हणजे त्या वेगाचाही वेग, दुसरा डेरिव्हेटिव्ह. उलट, दर तासाला किती पाणी उपसले त्याची बेरीज करत एकूण उपसा काढला की ते झाले 'इंटिग्रेशन'. शेतकऱ्याच्या पोराला हे परके नाही. परके आहे ते त्याचे नाव.

म्हणून मुलाला सांगा, आधी मराठीत समजून घे, मग इंग्रजीत लिही. इंग्रजी शब्द टाकायचे नाहीत, परीक्षेत तेच लागतात. एक छोटी वही करावी. डाव्या बाजूला इंग्रजी शब्द, उजव्या बाजूला स्वतःच्या भाषेत त्याचा अर्थ आणि घरचे एक उदाहरण. ही वही विकत मिळत नाही. आणि जी स्वतः लिहिली तीच कामाला येते.

पाण्याची पाळी आणि मिसळलेली उदाहरणे

पिकाला सगळ्या हंगामाचे पाणी एकाच दिवशी देत नाहीत. पाणी दिले, वाफसा येऊ दिला, मग पुढची पाळी. अभ्यासाचेही तसेच. एक धडा एका रात्रीत सहा तास वाचण्यापेक्षा तोच धडा आज दोन तास, तीन दिवसांनी तास, आठवड्याने पुन्हा तास, असा घ्यावा. मध्ये थोडे विसरायला होते. होऊ द्यावे. विसरू घातलेले ओढून आठवले की ते अधिक पक्के होते. परीक्षेच्या आदल्या रात्री जागणारा मुलगा पाळी चुकलेल्या शेतकऱ्यासारखा असतो. रात्रभर दारे धरूनही सुकलेले पीक त्या एका रात्रीत उभे राहत नाही.

दुसरी गोष्ट उदाहरणांच्या क्रमाची. पुस्तकात एका धड्यामागे एकाच तऱ्हेची वीस उदाहरणे असतात. मुले ती ओळीने सोडवतात. पहिली तीन जड जातात, पुढची सतरा आपोआप सुटतात, कारण रीत आधीच ठाऊक असते. पण परीक्षेत प्रश्नाच्या कपाळावर धड्याचे नाव लिहिलेले नसते. आजारी गाय आपल्या रोगाचे नाव सांगत नाही. ते डॉक्टरला ओळखावे लागते, मग औषध.

रोरर आणि टेलर या संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कॉलेजच्या मुलांना घनफळाची उदाहरणे दिली. काहींनी एकेका प्रकारची ओळीने सोडवली, काहींनी सगळे प्रकार मिसळून. सरावाच्या वेळी ओळीने सोडवणाऱ्यांची शंभरात ८९ बरोबर आली, मिसळणाऱ्यांची ६०. आठवड्याने परीक्षा घेतली. ओळीने सोडवणारे २० वर आले, मिसळणारे ६३ वर राहिले.

म्हणून आठवड्यातून एक दिवस वेगवेगळ्या धड्यांतली दहा उदाहरणे चिठ्ठ्यांवर लिहून डब्यात टाकावीत आणि हाताला येईल ती सोडवावी. विद्यापीठाच्या जुन्या प्रश्नपत्रिका याच कामासाठी उत्तम. पण त्यांची उत्तरे शेजारी ठेवून नव्हे. आधी निदान वीस मिनिटे स्वतः झगडावे.

अभ्यासाची सावड

आता एक दूरची, पण आपल्या घरात शोभेल अशी गोष्ट सांगतो. अमेरिकेतल्या बर्कली येथील विद्यापीठात, १९७० नंतरच्या दशकात, उरी ट्राइझमन नावाचा एक तरुण कलनगणित शिकवण्याच्या कामात होता. त्याला दिसले की शाळेत हुशार ठरलेली कृष्णवर्णीय मुले या विषयात मोठ्या संख्येने मागे पडतात, आणि चिनी वंशाची मुले पुढे जातात. प्राध्यापकांना विचारले तर उत्तरे ठरलेली. मुलांना आस नाही, पाया कच्चा, घरी शिक्षणाचे वातावरण नाही, गरिबी. आपल्या पारावरची उत्तरे याहून काय वेगळी असतात?

त्याने दोन्हीकडची वीस-वीस मुले घेतली आणि ती कशी राहतात, कशी अभ्यास करतात हे कित्येक महिने जवळून पाहिले. मागे पडणारी मुले आळशी नव्हती. त्यांच्या आईवडिलांना शिक्षणाची कळकळ होती. ती मुले नेमाने बसत, पण एकटी बसत. अडले तर अडलेलीच राहत, आणि विचारायला संकोच करत. पुढे जाणारी मुले आधी एकटी अभ्यास करत, मग संध्याकाळी एकत्र जमत, जेवत, एकमेकांची उत्तरे तपासत. एखादे उदाहरण सगळ्यांनाच अडले तर त्यांना कळे, की ते मुळातच अवघड आहे, आपण एकटे मठ्ठ नाही.

ट्राइझमनने १९७८ च्या सुमारास मुलांसाठी असे गट सुरू केले. सोपे करून शिकवणारी ही शिकवणी नव्हती. अधिक अवघड उदाहरणे देऊन एकत्र झगडायला लावणारी ती बैठक होती. गटातल्या मुलांचे निकाल इतके सुधारले, की ही पद्धत पुढे अनेक विद्यापीठांनी उचलली.

आपल्याकडे याला शब्द आहे. सावड. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. पण सावडीचा एक नियम असतो. रिकाम्या हाताने कोणी येत नाही, प्रत्येकजण आपली बैलजोडी घेऊन येतो. अभ्यासाच्या सावडीतही तेच. आधी प्रत्येकाने घरी सोडवून पाहिलेले असावे. एकाने लिहायचे आणि तिघांनी उतरवून घ्यायचे, ही सावड नव्हे, फुकटची मजुरी झाली. एस.टी.च्या एकाच गाडीने जाणारी तीन-चार मुले असली तर जाता-येता प्रश्न विचारले तरी पुष्कळ. मुलींनाही या बैठकीत जागा हवी. मुलगी अंधार पडायच्या आत घरी यावी असे वाटत असेल तर बैठक तुमच्याच ओट्यावर बसवा. चहाला काही फार लागत नाही.

आईवडिलांनी काय करावे?

"आम्ही अडाणी, आम्ही काय मदत करणार?" असे म्हणू नका. न शिकलेली आई याबाबतीत फार चांगली परीक्षक आहे, कारण तिला शब्दांनी फसवता येत नाही. भाकरी थापताना तिने एवढेच म्हणावे, "आज काय शिकलास ते मला सांग, वही बाजूला ठेव." आणि मध्येच विचारावे, "म्हणजे काय?" "असं का?" दोन 'का' झाल्यावर मूल जिथे अडखळते, तिथेच त्याचा उद्याचा अभ्यास आहे. त्यावेळी हसू नये, रागावू नये.

वडिलांनी 'किती तास बसलास' हे विचारणे सोडावे. 'न बघता किती आले' हे विचारावे. मजुराचे काम आपण तासांवर मोजत नाही, किती सरी झाल्या हे बघतो. तसेच हे. आणि सुट्टीत मूल घरी आले की रात्रीच्या विजेवर दारे धरायला त्याला पाठवावे लागते, हे मान्य. पण परीक्षेच्या महिन्यात शक्य असेल तर त्याची झोप राखा. न झोपलेल्या डोक्यात काही टिकत नाही.

मूल नापास झालेच तर ओरडण्याआधी एक काम करा. पुणे विद्यापीठात ठरावीक मुदतीत शुल्क भरून उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवता येते. ती मागवावी आणि चुकांचे तीन ढीग करावेत. एक, ज्यातले काहीच येत नव्हते. दोन, ज्यातली रीत ठाऊक होती पण सुरुवात सुचली नाही. तीन, ज्यात चिन्ह किंवा हिशेब चुकला. पहिल्या ढिगाला शिकण्याची गरज आहे, दुसऱ्याला मिसळलेल्या सरावाची. तिसऱ्या ढिगात बहुधा नववी-दहावीचे बीजगणित आणि त्रिकोणमिती कच्ची असल्याचे दिसते. त्यासाठी दहावीचे पुस्तक पुन्हा काढायला लाजू नये. पायाचा दगड हलत असेल तर वरचा माळा कितीदा बांधला तरी पडतो. 'गणित येत नाही' हे फार मोठे वाक्य आहे. 'अपूर्णांकाची वजाबाकी चुकते' हे छोटे वाक्य आहे, आणि छोट्या वाक्यावर इलाज असतो.

तेव्हा वाचकहो, या आठवड्यात एवढे करून बघा. घरातल्या शिकत्या मुलाला किंवा मुलीला रात्री जेवणानंतर दहा मिनिटे पुस्तक मिटायला सांगा. कोरा कागद द्या. दिवसभरातले जे आठवेल ते लिहू द्या, मग पुस्तक उघडून राहिलेले लाल पेन्सिलीने भरू द्या. पहिले दोन-तीन दिवस कागदावर लालच जास्त दिसेल. घाबरू नका, मूलही घाबरेल तर त्याला धीर द्या. महिनाभर हा नेम चालवा आणि पहिला कागद शेवटच्या कागदाशेजारी ठेवून दोघे मिळून पाहा.